गार भुई

१

चेन्नईत उताराची जमीन मिळणं कठीण. सगळं शहर पोळपाटासारखं सपाट, पाऊस पडला की पाण्यालाही कुठं जावं ते कळत नाही. त्यामुळे कुंड्रत्तूरच्या टेकडीमागचा प्लॉट हरिप्रसादनं शोधून काढला तेव्हा आम्ही दोघी बहिणींनी लगेच होकार दिला. हरिप्रसाद म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, रंजनीचा नवरा. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो मॅनेजर आहे, त्याला हा प्लॉट म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. माझा नवरा गिरीधर शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला इथून रोज शहराला अर्धा वळसा घालावा लागणार होता, पण ते कुणी विचारात घेतलं नाही.

प्लॉटचे दोन भाग केले. रस्त्याकडचा वरचा भाग बराचसा सपाट. खालच्या भागात जमीन घसरत जाते ती थेट एरीपर्यंत, म्हणजे इथल्या जुन्या तळ्यापर्यंत. मी थोरली, म्हणून मी वरचा घेतला. रंजनीनं काही न बोलता खालचा घेतला आणि तिथंच मला संशय यायला हवा होता. ही मुलगी काही न बोलता घेते ते हमखास चांगलं निघतं.

महालक्ष्मी नावाची आमची इंजिनिअर, तिनं नकाशा उलगडला तेव्हा कळलं. उतारामुळे रंजनीच्या घराखाली एक अख्खा मजला जवळजवळ फुकटात निघत होता. मागची बाजू जमिनीत, पुढची उघडी. एरीकडे तोंड करून मोठ्या खिडक्या, दार, दाराबाहेर गवत. तळघर म्हणायचं, पण तळघराचं एकही दुखणं नाही.

"ही खोली अप्पांस देऊं, अक्का," रंजनी म्हणाली. "खाली गार राहील."

माझ्या तोंडाला पानं पुसली गेली होती आणि ती पुसून घ्यायला मीच पुढं झाले होते.

अप्पा म्हणजे आमचे वडील, अनंतराव. आम्ही तंजावरचे मराठी, घरात अजून तिथलीच जुनी बोली; अप्पा तिथं रेल्वेत हेडक्लार्क होते. अम्मा गेल्यापासून पोरूरला रंजनीच्या फ्लॅटमध्ये राहतात. एसीनं त्यांना खोकला येतो, पंख्यानं अंग धरतं. "मज गार भुई द्या, दुसरं कांहीं नको," एवढीच त्यांची मागणी. जिच्या घरी खाली गार खोली असेल तिच्याकडे मी राहणार, असं त्यांनी आम्हां दोघींसमोर हसत हसत जाहीर केलं होतं. रंजनीही हसली. मी हसले नाही.

मला अप्पा हवे होते. सरळच सांगते. रंजनीला ते जन्मभर मिळाले. तिच्या लग्नात ते मांडवात सगळ्यांदेखत रडले. माझ्या लग्नात आचाऱ्यांवर लक्ष ठेवत होते. तिला ताप आला की रात्रभर उशाशी, मला ताप आला की गोळी आणि ग्लासभर पाणी. आता म्हातारपणीही ते तिच्याच खिडकीशी बसणार, म्हणजे माझ्या वाट्याला रस्त्यावरची धूळ.

२

"माझ्याकडे तळघर निघेल का?" मी महालक्ष्मीला विचारलं.

तिनं पेन्सिल कानावर खोचली. "निघेल मॅडम. पण तुमच्या भागात उतार नाही, नुसता खड्डाच खणावा लागेल. चारी बाजूंनी माती, खिडकी नाही. भिंती जाड हव्यात, तळाला पाणी गोळा करायला सम्प हवा, उपसायला पंप हवा. त्यापेक्षा वर उत्तरेला एक खोली काढू. तीही गार राहील."

"त्यांना खालची हवी आहे," मी म्हटलं.

घरी गिरीधरनं इडली मोडता मोडता विषय काढला. आम्ही वेलचेरीत तळमजल्यावर राहतो. मोठ्या पुराच्या साली आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पाणी होतं.

"होडीतून काढलं होतं आपल्याला, अलमू. विसरलीस? आतां मुद्दाम जमिनीखाली जाऊन बसायचं?"

"कुंड्रत्तूर उंचावर आहे."

"मग उंचावरच बसूं की."

त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. शेवटी असं ठरलं, की आधी खणायचं, माती बघायची आणि मग निर्णय घ्यायचा. तोही आडि लागायच्या आत. आडि महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, इथं कुणी नवं काम सुरू करत नाही. त्याआधी एक तर खाली तळघराचं काम लावायचं किंवा खड्डा भरून टाकायचा.

त्या दिवसांत मी रंजनीचा नकाशा फोनवर मोठा करकरून बघत असे. खिडक्या, दाराबाहेरची पायरी. एका कोपऱ्यात महालक्ष्मीनं हौसेनं आरामखुर्चीसुद्धा काढली होती. ती खुर्ची माझ्या डोळ्यांत खुपायची.

३

इथल्या घराघरांत भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर असतं. त्यात वर्षातले मोजके दिवस वेगळे छापलेले असतात. त्या दिवशी सकाळी वास्तुपुरुष थोडा वेळ जागा होतो. दात घासतो, अंघोळ करतो, पूजा करतो, जेवतो, विडा खातो आणि परत झोपी जातो. कुदळ मारायची ती तो जेवायला बसल्यावर, त्याआधी नाही. मी शाळेत फिजिक्स शिकवते, तरी हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

चित्तिरै महिन्यातल्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या, अशाच एका सकाळी दोन्ही प्लॉटची पूजा ठेवली. नारायणस्वामी वाध्यार, म्हणजे आमच्या घरचे भटजी, दोन्हीकडचं करणार होते. पहिली पूजा रंजनीची, जेवणाच्या वेळेला. माझी मागून, विड्याच्या वेळेला. हे रंजनीनं फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं.

"वाध्यार एकच आहेत, अक्का. खालून वर येऊं की," म्हणाली.

थोरली मी, आणि विडा खाता खाता माझी पूजा.

सगळे खाली रंजनीच्या प्लॉटवर जमले. अप्पांना उतार उतरवेना, ते वर माझ्या जागेत उन्हात उभे राहिले. मी त्यांच्यासाठी म्हणून थांबले. माझी कुदळ हळदकुंकू लावून कोपऱ्यात ठेवली होती.

"थांबा, थांबा," खालून वाध्यारांचा आवाज आला. "अजून दात घासताहेत." त्यावर हरिप्रसाद हसला. मग रंजनी हसली. तिचं ते भरल्या पोटाचं हसणं उतारावरून वर आलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कुदळ उचलली आणि मारली. पहिली कुदळ माझी पडली.

अप्पांची सावली माझ्या जागेत लांब पडली होती. कुदळ तिच्या खांद्यावर पडली, हे मला नंतर दिसलं; अप्पांनी डाव्या खांद्याला हात लावला म्हणून माझं लक्ष गेलं.

वाध्यार धापा टाकत वर आले. "काय केलंस हें? त्यांस तोंड तरी धुऊं द्यायचं होतं!"

"असूं द्या, शास्त्री," अप्पा म्हणाले. "लेकरूं घाईचं आहे."

माझे केस पांढरे झाले आहेत. अप्पांनी मला लेकरू म्हटल्याचं मला आठवत नाही. दिवसभर मी त्या एका शब्दावर खूश होते.

४

जेसीबीनं दोन-तीन दिवसांत खड्डा खणला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी पहाटेच वेलचेरीहून निघून कामगार यायच्या आत प्लॉटवर पोचायचे. थर्मासमधला चहा घ्यायचा, खड्ड्याच्या काठाशी उभं राहायचं, बांधावं की भरावं याचा विचार करायचा. खाली लालसर मुरूम, कोरडा ठणठणीत. पाण्याचा मागमूस नाही. गिरीधरला सांगायला हे चांगलं होतं.

एका सकाळी खालून चूळ भरल्याचा आवाज आला.

लांबलचक खुळखुळ, शेवटी वर चढत जाणारी, मग थुंकणं. मग जीभ खरवडणं. मग सगळं घर जागं करणारं खाकरणं. तंजावरला आमची सकाळ या आवाजानंच व्हायची. चूळ भरताना शेवटी असा सूर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

मी आधी शेजारच्या बोअरवेलचा पंप बघून आले. बंद होता. मग मनाशी म्हटलं, खड्डा म्हणजे चार भिंतींचा डबा, दूरचा आवाज त्यात घुमतो. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी म्हातारा दात घासत असेल. हे मी नववीच्या मुलांना शिकवते. शिडी लावून खाली उतरले, माती हातात घेतली. ती कोरडी होती.

दुपारी रंजनीचा फोन आला. "अक्का, अप्पांस काय झालंय कळत नाहीं. दांत घासा म्हटलं तर 'झालं' म्हणतात. ब्रश कोरडा आहे. आणि डावा खांदा सारखा दुखतो म्हणतात."

"वय झालं ग," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटत होतं. का, ते कळायला थोडा वेळ लागला. अप्पांची ती चूळ त्या दिवशी रंजनीच्या घरी वाजलीच नव्हती. ती माझ्याकडे वाजली होती.

५

पुढं अंघोळ सुरू झाली. पहिला तांब्या पायांवर, दुसरा खांद्यांवर, मग एक थांबा, आणि मग डोक्यावर भरभरून पाणी, "हर हर हर" म्हणत. तो थांबा कधी येणार हे मला आवाज ऐकता ऐकता कळायचं. मी काठावर उभी राहून त्या थांब्यात स्वतःचाही श्वास रोखून धरायचे. मग पाणी पडायचं. मुरूम कोरडाच.

रंजनीचा फोन यायचा. "अंघोळ झाली म्हणतात. पंचा कोरडा आहे, अक्का. अंगास वास येतोय."

"पंचा वाळला असेल. उन्हाळा आहे."

मी फोनवर तो आवाज टिपून घेतला. ऐकला तर त्यात नुसते कावळे आणि टेकडीवरच्या देवळातला लाउडस्पीकर. म्हणजे माझ्या मनाचे खेळ, असं मी ठरवलं. ते ठरवणं एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी गिरीधरला बरोबर नेलं, आडिच्या आधी माती नजरेखालून घाल म्हणून.

तोवर खाली पूजा चालू झाली होती. घंटा, मग पाठ म्हणणं. अप्पांचे पुढचे दात पडल्यापासून ज्या अक्षरापाशी त्यांची जीभ घसरते, तिथं खालचा आवाजही घसरला. गिरीधर थर्मासचं झाकण हातात धरून उभा होता. चहा सांडला तरी त्याला कळलं नाही.

"मामा कोठें आहेत आत्तां?" त्यानं हळू विचारलं. सासऱ्यांना तो इथल्या रीतीनं मामा म्हणतो.

"पोरूरला. रंजनीकडे."

त्यानं रंजनीला व्हिडिओ कॉल लावला. अप्पा गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते, तोंड मिटून. पाठीमागं देवापुढची समई तशीच, न लावलेली. "पूजा झाली की," ते आमच्याकडे बघून म्हणाले. खड्ड्यातून तेव्हा आरतीची घंटा वाजत होती.

"भरून टाक हें," गिरीधर म्हणाला. "आजच भरून टाक, अलमू." तो गाडीत जाऊन बसला. त्यानंतर प्लॉटवर आला नाही.

मला वाटलं, यालाही हेवा वाटतो आहे.

६

आडि दोन दिवसांवर आला. महालक्ष्मीचे फोनवर फोन येत होते. बांधायचं का भरायचं, काय ते सांगा मॅडम, कामगार दुसरीकडे जातील. खाली रंजनीच्या भिंती वर आल्या होत्या. खिडक्यांच्या चौकटी बसवल्या तसं तिनं अप्पांना दाखवायला आणलं. हरिप्रसादच्या हाताला धरून अप्पा आधी वर माझ्याकडे आले आणि त्यालाच खाली पिटाळलं.

"जा तूं. मी अलमूपाशी बसतों."

आम्ही दोघं सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसलो. अप्पा अर्धे झाले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. त्यांनी मान तिरकी करून खड्ड्याकडे कान लावला.

"पूजा आटपली वाटतं त्याची."

"कुणाची, अप्पा?"

"नेमाचा माणूस आहे," ते म्हणाले. "मज आतां आठवत नाहीं, अंघोळ केली की नाहीं. त्यास सगळं आठवतं. सकाळीं उठतों तर सगळं होऊनच गेलेलं असतं ग." मग ते माझ्याकडे वळले. "अलमू, भरून टाक हें. वर एक खोली काढ. सहा महिने मी तुजकडे राहीन, सहा महिने तिजकडे. मज दोन दोन ठिकाणीं उठवत नाहीं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा.

मला सगळं कळलं होतं. त्या वेळी माझ्याजवळ सबबीला ना पंप होता, ना प्रतिध्वनी. खाली कोण उठलं आहे आणि कुणाच्या जिवावर, ते मला अप्पांच्या ओघळलेल्या सदऱ्याकडे बघून स्पष्ट कळलं होतं. हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. सहा महिने म्हणजे अर्धे अप्पा. अर्ध्यातच समाधान मानावं, असंही एकदा वाटून गेलं.

"अप्पा," खालून रंजनीनं हाक मारली, "खिडकी बघायला या की! एरी सगळी दिसतेय!"

आणि अप्पा उठले. माझं उत्तर न ऐकताच उठले. तिची हाक आली की त्यांचा चेहरा वळायचा तसा वळला, दिवा लावल्यासारखा उजळला. हरिप्रसाद यायची वाटही न बघता, ज्या उतारानं त्यांना त्या दिवशी माझ्यापाशी ठेवलं होतं, तोच उतार ते कशाचाही आधार न घेता उतरू लागले.

ते खालच्या वळणाला दिसेनासे व्हायच्या आत मी महालक्ष्मीला फोन लावला.

"बांधा," मी म्हटलं.

७

रंजनीचं घर आधी पुरं झालं. वास्तुशांत झाली, अप्पा खालच्या खोलीत राहायला आले. नकाशातली ती आरामखुर्ची तिनं खरोखर आणली. माझं वरचं घर अजून अर्धवट आहे, पण तळघराला छप्पर आहे, जिना आहे, एक बल्ब आहे. वरच्या उघड्या स्वयंपाकघरात मी गॅसची शेगडी आणून ठेवली आणि तिथंच राहू लागले. गिरीधर वेलचेरीतच असतो. फोन करतो, जेवलीस का विचारतो. तळघराबद्दल विचारत नाही.

भिंत कोरडी आहे. सम्पमध्ये पाण्याचा थेंब नाही. महालक्ष्मी दोनदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, एवढं कोरडं बेसमेंट मी चेन्नईत पाहिलं नाही. रंजनीच्या खालच्या खोलीत मात्र पावसात भिंतीला ओल धरली. मला आनंद झाला हे मी लपवत नाही.

मी राहायला आले त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी पूजेची घंटा थांबल्यावर खाली पाट सरकवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. ती शांतता मला ओळखीची होती. अप्पा कधी जेवायला मागत नाहीत. पाटावर बसतात आणि वाट बघतात.

मी केळीचं पान पुसलं. भात, वरण, तूप, बटाट्याची भाजी, दह्यातलं डांगर, रसम. पान खाली नेऊन पलीकडच्या भिंतीशी मांडलं आणि मागं न बघता वर आले. थोड्या वेळानं ओंजळीतून रसम ओढल्याचा आवाज आला, तो सुर्र आवाज. मी पायरीवर बसून रडले. नंतर खाली गेले तेव्हा पान जेवणाऱ्याच्या बाजूला दुमडून ठेवलेलं होतं. जेवण आवडलं की इथं तसं दुमडतात.

खालच्या घरी अप्पांनी जेवण सोडलं ते त्या दिवसापासून. "झालं जेवण," म्हणतात आणि तोंड मिटून घेतात. डॉक्टरला काही सापडलं नाही. रंजनी चमचा घेऊन त्यांच्यापुढं बसते, गोष्टी सांगते, रडते.

एकदा शाळेत परीक्षा होती म्हणून मी पहाटेच वेलचेरीला गेले. खाली पान वाढायचं राहिलं. संध्याकाळी परत आले तर रंजनी फाटकातच उभी, चेहरा फुललेला. "अक्का, जेवले! आज चार घांस जेवले, माझ्या हातून! माझ्याकडे बघून हसले सुद्धां!"

"बरं झालं," मी म्हटलं. माझ्या हातून, म्हणे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि पान लवकर वाढलं. दोन भाज्या केल्या.

८

एकदाच बघितलं.

पान मांडून वर येताना जिन्याच्या वळणावर थांबले. सुर्र आवाज सुरू झाल्यावर वाकले. बल्बच्या उजेडात पाठ दिसली. ओले पांढरे केस, मानेवरच्या वळ्या, जानवं. अप्पांचीच पाठ होती, दहा वर्षांपूर्वीची, भरलेली. मला हायसं वाटलं.

मग मी डावा खांदा बघत गेले. तो भिंतीपर्यंत गेला. मग भिंतीत गेला, आणि प्लास्टरखालून त्याचा उंचवटा कोपऱ्यापर्यंत गेलेला होता, कोपऱ्यातून वळून पुढच्या भिंतीवर. त्याच्यापुढं मी बघितलं नाही. भाताकडे हात आला तेव्हा हाताखाली अख्खं पान झाकलं गेलं.

प्लास्टर फुगलं असेल. नव्या भिंतीचं फुगतं. महालक्ष्मीला दाखवावं असं मनात आलं, मग म्हटलं, कशाला उगीच.

जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, असं अम्मा आम्हां दोघींना सांगायची. मी वर येऊन ताक घुसळलं.

९

काल सकाळी रंजनी आली. केस न विंचरता, पायात दोन वेगळ्या चपला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, आत यायलाही तिला जमेना.

"अक्का, ये जरा. एकदां बघ त्यांस."

मी गेले. आरामखुर्चीत अप्पा होते. खिडकीतून एरीवरचा वारा येत होता आणि त्या वाऱ्यानं त्यांचं डोकं थोडं हलत होतं. ओठ कोरडे, चिकटलेले. डोळे माझ्याकडे वळले. त्या डोळ्यांत ओळख होती आणि आणखी काहीतरी होतं. सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून त्यांनी जे मागितलं होतं तेच ते परत मागत होते, असं मला वाटलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

रंजनीनं माझे दोन्ही हात धरले. ती माझ्या पायांशीच बसली.

"तूं घेऊन जा त्यांस, अक्का. कायमचं घेऊन जा. माझं चुकलं, मी हट्टानं ठेवून घेतलं. लहानपणापासून सगळं मीच घेतलं, मज ठाऊक आहे. ही खोली नको, खिडकी नको, कांहीं नको मज. ते तुझे. फक्त जेवूं देत ग."

जन्मभर मला जे ऐकायचं होतं ते हेच. शब्दन् शब्द हेच.

मी अप्पांकडे पाहिलं. सदऱ्यात नुसती हाडं होती. हनुवटीवर लाळ वाळलेली. हे उचलून नेलं तर कुठं ठेवायचं? वर घर अर्धवट आहे. खाली जागा नाही.

"अक्का, बोल की," रंजनी म्हणाली.

मी तिचे हात हळूच सोडवले, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. थोरल्या बहिणीनं सारावेत तसे.

"राहूं देत ग तुजकडेच," मी म्हटलं.

उन्हं वर आली होती. मी उतार चढून घरी आले आणि भात लावला.